डाव्या हाताचा सराव

१५ जून १९९८, सोमवार

शाळा उघडली. प्रार्थनेसाठी हॉलमध्ये गेलो, तर माझ्या पेटीच्या जागेवर पियानो उभा. आमचा एक जुना विद्यार्थी धारवाड सोडून परदेशात गेला, तिथं त्याची भरभराट झाली आणि त्यानं शाळेला भेट म्हणून हे धूड पाठवलं. त्याला माझ्या वर्गात साधा भूप ओळखता येत नव्हता, हे मला अजून आठवतं. माझी पेटी कोपऱ्यात सरकवली होती आणि तिच्यावर कुणीतरी खडूचे डबे ठेवले होते. ते आधी उचलून खिडकीत ठेवले.

मधल्या सुट्टीत हेडमिस्ट्रेस इंदुमती मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, "सर, यंदा गॅदरिंगला समूहगीत पियानोवर व्हायला पाहिजे. एका हातानं नाही हं, दोन्ही हातांनी, कॉर्ड वाजवून. पाहुणे येणार आहेत. जमेल ना तुम्हाला? नाही तर हुबळीचा एक तरुण आहे, त्याला दोन्ही येतं. संगीताची जागा आहे काय म्हणून दोनदा विचारून गेला."

किती गोड बोलतात बाई. म्हणजे जानेवारीपर्यंत माझ्या हातांना आलं नाही, तर माझ्या खुर्चीवर तो हुबळीचा तरुण. मी म्हटलं, "जमेल की."

घरी येऊन वत्सलाला सांगितलं. ती म्हणाली, "मग तोंड असं का केलंय? राग आलाय काय?" खरं तर मी आतून खूश होतो. या वयात नवीन वाद्य शिकायला मिळतंय, तेही शाळेच्या खर्चानं. पण लग्नाला पंचवीस वर्षं झाली की बायकोला नवऱ्याच्या तोंडावर नसलेलंही दिसायला लागतं.

मुलांना मी नेहमी सांगतो, शिकाल ते रोज लिहून ठेवा. आता स्वतःच विद्यार्थी झालोय, तर ही वही.

१८ जून

शालिनी टीचरांकडे गेलो. सत्तरी ओलांडलेली बाई. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि रविवारी चर्चमध्ये पियानो वाजवला. घरात एक जुना पियानो, त्यावर लेसचं कापड, त्यावर नातेवाइकांचे फोटो. "बर्री सर, बर्री," म्हणून आत घेतलं. कानडी बाई, मराठी मोडकं बोलतात, पण बोलतात.

पहिला धडा बसण्याचा. कोपर पट्ट्यांच्या उंचीला. मनगट खाली पडू द्यायचं नाही. पंजा असा वळवायचा की तळहातात एक लिंबू मावलं पाहिजे. नखं कापलेली. आणि प्रत्येक बोटाला नंबर, एक ते पाच. पुस्तकात सुरांच्या डोक्यावर हेच नंबर छापलेले असतात.

मी पेटी अंगठ्याला जवळजवळ सुट्टी देऊन वाजवतो. आमचे मास्तर म्हणायचे, अंगठा वर आला की सुरांचा चिखल होतो. इथं अंगठाच कामगार आहे. तिसरं बोट झालं की अंगठा बोटांच्या खालून सरकून पुढच्या सुरावर जातो. शिवणयंत्रात बॉबिन जाते तसा, गुपचूप.

२६ जून

लाज वाटण्यासारखी गोष्ट, पण लिहितो.

आठवडाभर तासन् तास सराव केला. सा रे ग म चढताना हाताची नुसती गाठ बसायची. आज टीचरांनी हात बघितला आणि तोंडावर पदर धरून हसत सुटल्या. "सर, हे काय करता तुम्ही? वन म्हणजे अंगठा!"

मी करंगळीला एक धरलं होतं. आपण बोटांवर मोजतो ते करंगळीपासूनच. तिथी मोजा, मात्रा मोजा, धोब्याचे कपडे मोजा. सगळ्या जगानं अंगठ्यापासून मोजायला कधी सुरुवात केली, हे मला कुणी कळवलं नाही. म्हणजे आठवडाभर मी पुस्तकातलं प्रत्येक बोट उलटं ठेवत होतो.

घरी सांगितलं तेव्हा भार्गवी जमिनीवर लोळून हसली. आमची मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पण हसते अजून बालवाडीतल्यासारखी. मलाही खूप हसू आलं. वत्सला मात्र भार्गवीला डोळ्यांनी दटावत होती, अप्पांना राग येईल म्हणून. या घरात मी विनोदही करायचा नाही काय?

५ जुलै, रविवार

कॉर्ड सुरू. आपल्याकडे सूर एकामागून एक येतात, ओळीत उभे राहून. कॉर्ड म्हणजे तिघांनी एकदम दारात शिरायचं. टीचर त्यांच्या भाषेत सी, एफ, जी म्हणतात. मी माझ्या सोयीनं असं लिहून ठेवतो.

पहिली: सा ग प. डावा हात. करंगळी सा वर, मधलं बोट ग वर, अंगठा प वर.

दुसरी: सा म ध. इथं हात उचलायचा नाही, हे महत्त्वाचं. करंगळी सा वरच राहते. मधलं बोट सुटतं, त्याच्या शेजारची तर्जनी म वर जाते आणि अंगठा प वरून ध वर एक घर सरकतो.

तिसरी: खालचा नी, रे, प. इथं पुन्हा पहिलीवरून निघायचं, अंगठा प वरच. करंगळी एक घर डावीकडे नी वर आणि मधलं बोट ग वरून रे वर.

म्हणजे प्रत्येक वेळी एक बोट घरात राहतं आणि बाकीची शेजारी जाऊन येतात. न बघता जमलं पाहिजे. टीचर म्हणतात, सगळा हात उचलून दुसरीकडे आपटणारा माणूस कधी शिकत नाही. बोटांना वाट माहीत झाली पाहिजे. आधी नुसतं पट्ट्यांवर ठेवायचं, दाबायचं नाही. मग दाबायचं. मग उजव्या हाताला बरोबर घ्यायचं. निधान, निधान, म्हणजे सावकाश.

कानाला सगळं समजतं. उजवा हातही ऐकतो. डावा मात्र पहिलीवरून दुसरीवर जायला इतका वेळ घेतो की तोपर्यंत गाणं पुढच्या ओळीत गेलेलं असतं.

१९ जुलै

आज टीचरांनी डाव्या हाताच्या बोटांवर फूटपट्टी मारली. हळूच, पण मारली. मला राग आला नाही. मी मुलांना याहून जोरात मारतो.

त्यांना म्हटलं, "टीचर, या हातानं तीस वर्षं फक्त भाता ओढलाय. याला बोटं आहेत हे याला माहीतच नाही." त्या म्हणाल्या, "हौदु सर, खरंय, पेटीवाल्यांचा डावा असाच असतो. मी दोघांना शिकवलं, दोघांचा असाच. पण ते सहा महिन्यांत सुधारले."

सहा महिने म्हणजे जानेवारीच. बघू.

३ ऑगस्ट

एक युक्ती काढली. घरची पेटी उलटी करून बसलो. भाता उजव्या हातानं ओढायचा आणि सूर डाव्या हातानं वाजवायचे. वत्सला दारात उभी राहून बघत होती. "डोकं फिरलं काय तुमचं?" म्हणाली. शेजारच्या वेणूबाईही खिडकीतून डोकावल्या, मग लगबगीनं आत गेल्या.

गंमत अशी की भाता उजव्या हातात आल्यावर पेटी छान श्वास घेऊ लागली. गेले काही महिने भार्गवी रोज सकाळी गाताना कुरकुर करत होती, "अप्पा, हवा तुटतीय. लांब सुराला मधेच गचका बसतोय." मी तिच्यावर ओरडायचो की तुझाच श्वास तोकडा आहे. आज तिनं लांब षड्ज लावला आणि एकही गचका नाही. खूश झाली.

मग लक्षात आलं, भात्याचं चामडं कुठंतरी सैल झालं असणार. डाव्या बाजूनं ओढलं की हवा निसटत असेल.

८ ऑगस्ट

सुभाष रोडवर पेटी दुरुस्तीला नेली. दुकानदारानं भाता दाबला, कान लावला, मेणबत्ती धरून बघितली. म्हणाला, काही झालेलं नाही. असं कसं? शेवटी माझ्या समाधानासाठी त्यानं चामड्याची एक पट्टी चिकटवून दिली. घरी येऊन नेहमीसारखी डाव्या हातानं ओढली, तर पुन्हा गचका.

आजकाल कुणालाही आपलं काम येत नाही.

३१ ऑगस्ट

गणपतीची सुट्टी संपली. आरतीला झांजा वाजवताना डावा हात मागं पडत होता. मीच हळू केली आरती. लोकांना वाटलं, मास्तर आज भक्तीत आहेत.

सराव चालू. सा ग प, सा म ध. सुरुवातीला बरं जमतं. चार-पाच वेळा झालं की हालचाल लहान होत जाते, बोटं पट्टीला चिकटल्यासारखी होतात आणि शेवटी नुसतं जागच्या जागी होतं. टीचर म्हणतात, थकतो हात. मी म्हणतो, थकायला त्यानं केलंय काय?

वत्सला रोज तिळाचं तेल गरम करून खांदा चोळते. खांदा ताठ झालाय, सदरा घालताना डावी बाही सापडत नाही. तिच्या आग्रहाखातर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तेही जुने रसिक. म्हणाले, "मास्तर, तीस वर्षं भाता ओढल्यावर खांदा काय हसत बसेल? मलम लावा." मीही तेच म्हणत होतो.

१७ सप्टेंबर

आज सातवीच्या वर्गात गॅदरिंगच्या समूहगीताची चाल शिकवली, माझीच. शब्द इंदुमती मॅडमचे आहेत, कानडीत, बरे आहेत. मागच्या बाकावरून पोरं सारखी ओरडत होती, "सर, केळसोल्ला!" म्हणजे ऐकू येत नाही. पोरांचे कान टीव्हीनं गेलेत.

चाल झाल्यावर एका मुलीला म्हटलं, छान गायलीस. ती रडकुंडीलाच आली. मैत्रिणीला म्हणत होती, सर रागावलेत. छान म्हटलं तरी राग दिसतो यांना! पूर्वी ही पोरं माझ्या अंगाखांद्यावर असायची. हल्ली मी हॉलमध्ये शिरलो की सगळं चिडीचूप होतं. वाईट वाटतं. पियानोच्या काळजीनं मी कडक झालो असेन.

४ ऑक्टोबर

वत्सला देवळात गेली होती. जाताना दूध तापत ठेवून मला लक्ष ठेवायला सांगितलं. मी मधल्या खोलीत टेबलाच्या कडेवर कॉर्ड वाजवत बसलो होतो. ती आली तेव्हा स्वयंपाकघरात धूर आणि पातेल्याचा कोळसा. "एवढा करपल्याचा वास येतोय, तुमच्या नाकाला काय झालं?" मला खरंच वास आला नाही. मी म्हटलं, मी सरावात बुडालो होतो. ती म्हणाली, "बुडा. तुम्हाला आता घरात कुणाचंच काही पडलेलं नाही." आणि डोळ्यांना पदर लावला.

दुधासाठी इतकं रडायचं? बायकांचं कळत नाही. मग मी मुद्दाम जवळ जाऊन हसून म्हटलं, जाऊ दे की गं. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि जास्तच रडली.

२२ ऑक्टोबर

दिवाळीला अळणावरला, वत्सलाच्या भावाकडे. श्रीहरी लाकडाच्या वखारीत काम करतो, मोठा बोलघेवडा. स्टेशनावरून घरी चालत जाताना माझी डाव्या पायातली चप्पल सारखी निसटत होती. दोनदा मागं जाऊन आणली. श्रीहरी म्हणाला, "दाजी, डावा हात खिशात घालून काय चालताय, जावईपण मिरवताय काय?" हात खिशात नव्हता. नुसता अंगाला लागून होता.

जेवताना त्यानं बहिणीला हळूच विचारलेलं मला ऐकू आलं, "दाजींना आमच्याकडं आलेलं आवडलं नाही काय?" तिनं त्याच्या पानात आणखी भात वाढला. मला तर आवडलं होतं. कडबोळी फारच छान होती. ते बोलून दाखवायला हवं होतं.

११ नोव्हेंबर

आनंदाची बातमी! डाव्या हातात जीव आला.

संध्याकाळी पेपर वाचत बसलो होतो. वत्सला म्हणाली, "जप करताय काय?" खाली बघितलं, तर मांडीवर ठेवलेल्या डाव्या हाताचा अंगठा तर्जनीवर आपोआप फिरत होता. माळेचे मणी ओढावेत तसा. मी काहीच करत नव्हतो. मी थांबलो तरी तो थांबेना.

याचा अर्थ उघड आहे. इतके महिने डोक्यानं हाताला शिकवलं, आता हात स्वतःच सराव करायला लागला. टीचर म्हणतातच ना, बोटांना वाट माहीत झाली पाहिजे. अंगठा आणि तर्जनी, म्हणजे दुसऱ्या कॉर्डची तीच दोन बोटं! भार्गवीला बोलावून दाखवलं. तिनं बघितलं, पण हसली नाही. म्हणाली, "अप्पा, आपण दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू या?" मी म्हटलं, तू तुझ्या गाण्यातल्या पलट्यांचं बघ.

२ डिसेंबर

टीचरांची तब्येत बरी नाही, दम लागतो. महिनाभर शिकवणी बंद. त्यांनी सांगितलं, गाणं अगदी सावकाश बसवा आणि अडेल तिथं पहिल्या कॉर्डवर परत या. तिथं घर आहे, असं म्हणाल्या.

वेणूबाईंनी किराणा दुकानातून निरोप आणला की मास्तरांनी लिहून दिलेली यादी दुकानदाराला वाचता येईना. मुंग्या गेल्यासारखं अक्षर म्हणे. माझं अक्षर फळ्यावर नमुना म्हणून ठेवायचे. या वहीतलं मला तरी वाचता येतंय.

२३ डिसेंबर

जमत नाही. आज खरं लिहितो, जमत नाही.

शाळा सुटल्यावर हॉलमध्ये एकटाच बसलो होतो. उजवा हात सुरेख गातो. डाव्याला म्हणतो, चल, म वर. त्याला ऐकू जातं, पण तो निघत नाही. मग ओढून नेतो. तोवर उजवा पुढं गेलेला. एकदा तर रागानं मीच माझ्या डाव्या हातावर उजव्यानं मारलं. मारल्यावर तो मांडीवर जाऊन पडला आणि पुन्हा तो अंगठा फिरायला लागला. नको तेव्हा सराव करतो आणि पट्टीवर ठेवला की मेल्यासारखा.

दारात इंदुमती मॅडम उभ्या होत्या. कधी आल्या कोण जाणे. तशाच मागं फिरल्या. त्यांना तो हुबळीचा तरुण आठवला असणार. मला भीती वाटते. शाळेत माझी जागा गेली तर मी कोण, हे मला सांगता येत नाही.

९ जानेवारी १९९९, शनिवार

गॅदरिंग झालं. जे झालं ते तसंच लिहितो.

मंडप भरलेला. पाहुणे, पालक, पहिल्या रांगेत शालिनी टीचर शाल गुंडाळून बसलेल्या. वत्सला, भार्गवी मागं. मुलं रांगेत उभी राहिली. मी सा ग प धरला आणि उजव्या हातानं सुरुवात केली. मुलं गाऊ लागली. पहिली ओळ संपली, म वर जायची वेळ आली आणि हात निघाला नाही.

उशीर वगैरे नाही. निघालाच नाही. करंगळी सा वर, मधलं बोट ग वर, अंगठा प वर, आणि तिथंच खिळे ठोकल्यासारखा. मी मनात ओरडलो. घाम फुटला. गाणं चालू होतं, मुलं माझ्याकडं बघत होती. मग मी एकच करू शकलो. तीच कॉर्ड पुन्हा पुन्हा दाबत राहिलो, अख्खं गाणं, शेवटपर्यंत. सा ग प, सा ग प. वर चाल म वर जायची, ध वर जायची, खाली माझा तोच षड्ज.

संपलं. मला वाटलं, आता संपलंच. आणि टाळ्या पडल्या. अशा टाळ्या शाळेत कधी ऐकल्या नव्हत्या. पाहुणे गाण्यातले जाणकार. माइकवर येऊन म्हणाले, परदेशी वाद्यावर मास्तरांनी आपला तंबोरा झंकारत ठेवला, धारवाडच्या मातीत हेच होऊ शकतं. इंदुमती मॅडमचे डोळे भरून आले होते. मला म्हणाल्या, "सर, चूक झाली माझी. तुमची जागा कोण घेणार?"

मी काय केलं? नमस्कार केला. वर पाहुण्यांच्या पाया पडून हार घेतला. तो तंबोरा नव्हता, तो माझा अडकलेला हात होता, हे मी सांगितलं नाही. जी जागा जायला पाहिजे होती ती मला नापास होऊन मिळाली.

फक्त शालिनी टीचरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या माझ्या मांडीवरच्या हाताकडं बघत होत्या.

११ जानेवारी

टीचर रिक्षा करून घरी आल्या. दम खात पायरीवरच बसल्या. मला वाटलं, आता चुकीबद्दल बोलणार. त्या माझ्याशी नाही, वत्सलाशी बोलल्या, कानडीत. त्यांच्या थोरल्या भावाचा अंगठा असाच फिरायचा. तोही असाच चालायचा, एक हात न हलवता. त्यानं कधी पेटीला हात लावला नव्हता.

मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सर, मी तुमच्या बोटांवर मारलं. मला माफ करा."

मला काही समजेना. वत्सलाला समजलं असावं, कारण ती आत गेली आणि चहा टाकायचा विसरून तिथंच उभी राहिली.

१८ जानेवारी, सोमवार

हुबळीला मेंदूच्या आणि नसांच्या डॉक्टरांकडे. तरुण माणूस, मितभाषी. म्हणाले, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर आपटा. मी म्हटलं, हे तर मी सात महिने करतोय. उजव्यानं झकास करून दाखवलं. डाव्यानं सुरू केलं, लहान होत गेलं, थांबलं. मग बाहेरच्या व्हरांड्यात चालायला लावलं. एक ओळ लिहायला लावली. खांदा, मनगट हलवून बघितलं. वास येतो काय विचारलं.

मग खाली बसून सांगितलं. पार्किन्सन्स. गोळ्या आहेत, हात काही काळ पुष्कळ सुधारेल. जाणार नाही. हळूहळू दुसऱ्या बाजूलाही येईल.

मी विचारलं, "म्हणजे भात्यामुळं नाही?" ते म्हणाले, "भात्याचा काही संबंध नाही. उलट भाता ओढतानाच तुम्हाला आधी कळायला हवं होतं."

क्षणभर मला इतकं हलकं वाटलं! मी ढ नव्हतो. पेटीनं माझं काही बिघडवलं नव्हतं. मग लगेच दुसरं समजलं, की दुसरी बाजू म्हणजे उजवा हात.

डॉक्टरांनी विचारलं, केव्हापासून? मी म्हटलं, जूनपासून, पियानो आला तेव्हापासून. वत्सला खाली बघत म्हणाली, "नाही डॉक्टर. दोन वर्षं झाली. हे हसायचे बंद झाले तेव्हापासून."

मी म्हटलं, "मी कुठं बंद झालो?" डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. म्हणाले, "ताई, ते त्यातलंच आहे. चेहऱ्याचे स्नायूही अडकतात. आत हसू असतं, बाहेर पोचत नाही."

धारवाडची बस. ती खिडकीकडं तोंड करून बसली. अमरगोळ गेलं, नवलूर गेलं. मग म्हणाली, "मला वाटत होतं, तुम्हाला मी नकोशी झाले. दोन वर्षं रोज देवाला विचारत होते, माझं काय चुकलं."

मी म्हटलं, "मी हसत होतो की गं. रोज." तिला भर बसमध्ये रडू आवरेना. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. ते मात्र बाहेर पोचलं.

२० जानेवारी

इंदुमती मॅडमना सगळं सांगितलं. तंबोऱ्याचंही सांगितलं. त्यांनी टेबलावरचं पेन सरळ केलं. म्हणाल्या, "सर, या वर्षीचं पुरं करा. जूनमध्ये बघू." जूनमध्ये काय बघणार ते दोघांनाही माहीत आहे. बाहेर पडताना हॉलमध्ये गेलो. पियानो बंद होता, झाकण लावलेलं. सातवीची मुलं घोळक्यानं उभी होती, मला बघून चिडीचूप झाली. मी म्हटलं, "पोरांनो, माझं तोंड आजारी आहे. मी रागावलेलो नाही." ती एकमेकांकडं बघायला लागली. पुन्हा सांगावं लागेल.

२४ जानेवारी, रविवार

गोळ्या सुरू झाल्या. मळमळतं.

दुपारी वत्सला विळीवर भेंडी चिरत भार्गवीला वेणूबाईंची गोष्ट सांगत होती. माझ्या आजाराचं कळल्यापासून वेणूबाई अस्वस्थ आहेत. सकाळी कसलंसं काळं तेल घेऊन आल्या, चष्मा घरी विसरल्या, मी तिकडं न्हाणीघरात. अंधाऱ्या स्वयंपाकघरात त्यांनी वत्सलाचाच दंड धरला आणि मंत्र पुटपुटत चोळायला लागल्या. वत्सला संकोचानं बोलेना. बराच वेळ चोळून म्हणाल्या, "बघा मास्तर, कसा मऊ झाला!"

भार्गवी पोट धरून हसत होती. वत्सला सांगता सांगता हसत होती. मलाही आतून इतका जोराचा उमाळा आला की बरगड्या दुखल्या. तेवढ्यात वत्सलानं जुन्या सवयीनं माझ्या तोंडाकडं बघितलं. तिथं काहीच नसणार. तिचं हसू तिथंच विरलं, ती पुन्हा भेंडीकडं वळली. आजार माहीत असूनही वळली. दोन वर्षांची सवय एका आठवड्यात कशी जाणार?

मी म्हटलं, "वत्सला, मी हसतोय."

तिनं वर बघितलं. "होय काय?"

"होय. खूप हसतोय. वेणूबाईंना सांग, मऊ झाला म्हणावं."

तिनं विळी बाजूला सारली, ओले हात पदराला पुसले आणि माझ्या समोर येऊन बसली. माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "अजून हसताय?"

मी म्हटलं, "अजून."